स्प्रे ड्रायिंगने सच्छिद्र सिलिका कण: गोळा भरीव का होत नाही?

वालुकाकण

नमस्कार मंडळी,

इथे कोलॉइड, पावडर, सिरॅमिक अशा विषयांत हात बुडवलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मला हवेत ते कण असे: सिलिकाचे, गोल, साधारण ५ मायक्रॉनचे, आत पोकळी नसलेले पण सगळीकडून सच्छिद्र, आणि छिद्रं १० नॅनोमीटरच्या आसपास. पाण्यात न विरघळणारं औषध आत मुरवायचं आहे. कच्चा माल म्हणून तयार कोलॉइडल सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घेतला आहे. मूळ कण १२ नॅनोमीटरचे, सोडियमने स्थिर केलेला, पीएच ९ च्या वर. तो पाणी घालून वजनाने ५ टक्के केला आणि छोट्या प्रयोगशाळेतल्या स्प्रे ड्रायरमधून (गरम हवेत बारीक फवारा मारून वाळवणारं यंत्र) काढला. टू-फ्लुइड नॉझल (हवेच्या झोताने द्रव फवारणारं), इनलेट म्हणजे आत येणारी हवा १८० °से., आउटलेट म्हणजे बाहेर पडणारी ९०.

पावडर दिसायला उत्तम. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) मात्र बरेचसे कण कंकणाकृती. उरलेल्यांना एका बाजूने खळगा. जे फुटलेले दिसतात ते आतून रिकामे. नायट्रोजन शोषणाने पृष्ठफळ ग्रॅममागे २०० चौरस मीटरच्या आसपास आलं, छिद्रं ४ ते ५ नॅनोमीटर.

माझं मत असं की वाळवण्याचा वेग फार आहे. इनलेट १२० पर्यंत खाली आणलं तर गोळा भरीव होईल. बरोबर आहे का? आणि छिद्रं मोठी कशी करायची?

नॉझलवाला

इनलेटला हात लावण्याआधी एक लक्षात घ्या. १८० हे आकडा म्हणून मोठं दिसतं, पण थेंब कधीच १८० ला जात नाही. पाणी उडत असतं तोवर थेंब ओल्या बल्बच्या तापमानाला, म्हणजे साधारण ३५ ते ५० अंशांतच असतो. कोरडा झालेला कण जास्तीत जास्त आउटलेटएवढा तापतो. म्हणून ड्रायर चालवणारा माणूस आउटलेटकडे बघतो.

छोट्या ड्रायरमध्ये इनलेट १२० केलं आणि फीड, म्हणजे आत सोडलेला सोल, तेवढाच ठेवला तर आउटलेट ५० च्या खाली जाईल, भिंतीला ओला थर बसेल आणि सायक्लोनमध्ये (हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या भागात) पावडर चिकटेल. फीड कमी करावा लागेल, म्हणजे उत्पादन कमी. करून बघायला हरकत नाही, पण कंकणं जातील असं मला वाटत नाही.

पृष्ठताण

नॉझलवाल्यांशी सहमत. का ते गणिताने दाखवतो, कारण इथे गणित फार साधं आहे आणि सगळा गोंधळ मिटवतं.

थेंबाचा व्यास वर्ग-नियमाने घटतो, म्हणजे व्यासाचा वर्ग वेळेच्या सम प्रमाणात कमी होतो. भोवतालची हवा सरासरी १०० अंशांची धरली तर बाष्पीभवनाचा स्थिरांक सेकंदाला साधारण ६.४ × १०⁻⁹ चौरस मीटर येतो. तुमचा ५ टक्के वजनी सोल आकारमानाने फक्त २.३ टक्के आहे, कारण सिलिकाची घनता २.२. त्यातून ५ मायक्रॉनचा भरीव कण हवा असेल तर थेंब १५ मायक्रॉनचा लागेल. हा थेंब साधारण ३५ मिलिसेकंदांत आटतो.

आता १२ नॅनोमीटरचा सिलिका कण त्या थेंबाच्या काठापासून मध्यापर्यंत विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, जायला किती वेळ घेईल? स्टोक्स-आइनस्टाइन सूत्राने जवळपास १ सेकंद. म्हणजे पृष्ठभाग आत सरकतोय ३५ मिलिसेकंदांत आणि कणाला बाजूला व्हायला लागतोय एक अख्खा सेकंद. केरसुणीने केर लोटावा तसे कण काठाशी लोटले जातात आणि कवच तयार होतं.

हाच हिशोब पेक्ले अंक म्हणून मांडतात: बाष्पीभवन स्थिरांक भागिले विसरणांकाची आठपट. तुमच्या बाबतीत तो १५ च्या आसपास. हवा ६० अंशांची केली तरी ९. कवच टाळायला तो १ च्या खाली यायला हवा, तेव्हा १५ आणि ९ हे दोघेही नापासच. फक्त तापमान उतरवून गरम हवेच्या ड्रायरमध्ये १ गाठता येत नाही.

गाळणी

वाचनखूण साठवली. १ सेकंद विरुद्ध ३५ मिलिसेकंद ही मांडणी आवडली.

शंकेखोर

पृष्ठताण, गणित बरोबर, निष्कर्ष अपुरा.

पेक्ले १ च्या वर म्हणजे कवच होणार, इतकंच. कवच झालं म्हणजे कंकण होणार असं नाही. कवच ताठ राहिलं तर पोकळ पण गोल कण मिळतो. कवच वाकलं तर खळगा पडतो, आणि खळगा आरपार गेला की कंकण. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वालुकाकणांना दोन्ही दिसताहेत.

वाकवणारं बल केशाकर्षणाचं. कवचातल्या कणांमध्ये पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठभागामुळे जे ऋण दाब तयार होतात ते १२ नॅनोमीटरच्या कणांसाठी शेकडो वातावरणांइतके जाऊ शकतात. शिवाय आतलं पाणी कवचातून झिरपून बाहेर यायचं आहे, आणि कण जितके बारीक तितकी झिरप अवघड. त्यामुळे बारीक सोल विसरणाच्या दृष्टीने चांगला आणि झिरपेच्या दृष्टीने वाईट. एकाच आकड्यावर सगळं तोलू नका.

आणि सावकाश वाळवण्याला इतकं झटकून टाकू नका. भाभा अणुसंशोधन केंद्रात स्प्रे ड्राय केलेल्या सिलिका कणांवर लहान कोनातल्या न्यूट्रॉन आणि क्ष-किरण विखुरणीने बरंच काम झालं आहे. वाळवण्याचा वेग, सोलची तीव्रता, कणांचा मेळ यांनी हे वाकणं कसं बदलतं ते त्यात तपासलेलं आहे. वेगाचा परिणाम खरा आहे.

पृष्ठताण

कवच आणि वाकणं वेगळं, हे मान्य. माझ्या प्रतिसादात ते सुटं करायला हवं असं तुमचं म्हणणं योग्य आहे. पण वालुकाकणांच्या हातात जो ड्रायर आहे त्यात वेग दुपटीने कमी करता येईल, शंभरपटीने नाही. माझा मुद्दा तेवढाच.

भट्टीवाला

मी सिरॅमिकवाला. आमच्याकडे ॲल्युमिना, झिर्कोनियाच्या स्लरी रोज स्प्रे ड्राय होतात, दाबून आकार द्यायची ग्रॅन्यूल बनवायला. तिथे ही कंकणांची तक्रार फार जुनी आहे आणि तिचं उत्तर तापमानात नाही, स्लरीत आहे.

अनुभव असा: स्लरी जितकी उत्तम विखुरलेली, जितकी पातळ वाहणारी, तितकी ग्रॅन्यूल पोकळ किंवा खळग्याची. तीच स्लरी थोडी गुठळीकडे झुकवली, म्हणजे विखुरक कमी केला किंवा पीएच हलवला, की ग्रॅन्यूल भरीव होते. कारण सरळ आहे. विखुरलेल्या स्लरीत प्रत्येक कण सुटा, तो पृष्ठभागाबरोबर लोटला जातो. गुठळीकडे झुकलेल्या स्लरीत कणांनी एकमेकांना धरून जाळं केलेलं असतं, ते जाळं थेंबभर पसरलेलं असतं आणि लवकर ताठ होतं. मग कण काठाला पळत नाहीत, थेंब अख्खाच्या अख्खा आकसतो आणि पुढचं पाणी छिद्रांतून निघून जातं.

तुमचा सोल पीएच ९ च्या वर, म्हणजे कणांवर भरपूर ऋण भार, एकमेकांपासून लांब राहणारे. साठवणीसाठी उत्तम, तुमच्या कामासाठी नको इतका स्थिर. त्यात तुम्ही तो ५ टक्क्यांपर्यंत पातळ केलात. २.३ टक्के आकारमानाचा थेंब भरीव व्हायला आकारमानात २८ पट आकसावा लागतो. तोच सोल ३० टक्के वजनी ठेवलात तर आकारमान १६ टक्क्यांवर जातं आणि फक्त ४ पट आकसणं उरतं. कवचाला वाकायला तेवढी जागाच मिळत नाही.

माझा सल्ला: तीव्रता वाढवा, स्थिरता थोडी कमी करा, तापमान आहे तिथे राहू द्या.

नवशिकी

भट्टीवाले काका, सोल जास्त तीव्र केला तर कण मोठे होणार ना? ५ मायक्रॉन हवेत असं वर लिहिलंय.

भट्टीवाला

चांगला प्रश्न. हो, थेंब तोच ठेवला तर मोठे होतील. ३० टक्क्यांना ५ मायक्रॉनच्या कणासाठी थेंब ८ मायक्रॉनचा लागेल, १५ चा चालणार नाही. म्हणजे नॉझलला जास्त हवा द्यायची, फीड कमी करायचा. टू-फ्लुइड नॉझलमध्ये हवा आणि द्रव यांचं गुणोत्तर हीच आकाराची किल्ली. नॉझलवाले जास्त सांगतील.

नॉझलवाला

८ मायक्रॉन टू-फ्लुइड नॉझलच्या आवाक्यात आहे, पण सरासरी म्हणून. थेंबांची वाटणी रुंद असते, बारीक टोकाचे कण सायक्लोन पकडत नाही, ते फिल्टरमध्ये जातात. २ मायक्रॉनच्या खालचा माल हातचा गेला असं समजून उत्पादनाचा हिशोब करा. फिरत्या चकतीचे किंवा दाबाचे नॉझल इथे उपयोगाचे नाहीत, त्यांचे थेंब दहापट मोठे.

आणि एक अगदी कामाचं. सिलिका सोल नॉझलच्या टोकावर वाळला की तो पाण्यात परत विरघळत नाही. सुरुवात पाण्याने करायची, आउटलेट स्थिरावलं की सोल, आणि थांबताना परत पाणी. मध्ये फीड तोडायचा नाही. टोक चोंदलंच तर नॉझल काढून कोमट पातळ कॉस्टिकमध्ये बुडवा, पण ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो आधी वेगळा करा. सिलिका खाते म्हणून कुणी हायड्रोफ्लोरिक आम्ल सुचवेल, त्याच्या वाऱ्यालाही जाऊ नका. त्या आम्लाची इजा उशिरा कळते आणि जीवावर बेतते.

शंकेखोर

भट्टीवाला, जाळ्याचा मुद्दा पटला. पण सिलिका ही ॲल्युमिना नव्हे. पीएच ५ ते ६ च्या पट्ट्यात सिलिका सोल सर्वांत लवकर जेल होतो. ३० टक्के सोलमध्ये आम्ल घालून तो बाटलीतच थिजला तर?

भट्टीवाला

म्हणूनच "थोडी" म्हटलं. त्या पट्ट्यात तळ ठोकायचा नाही. मार्ग दोन. एक, आम्लाऐवजी थोडं अमोनियम क्षार, म्हणजे नायट्रेट किंवा ॲसिटेट. भार झाकला जातो, कण जवळ येतात, आणि क्षार पुढे भट्टीत उडून जातो. दुसरा, सोल आणि आम्लाचं पाणी वेगवेगळ्या पंपांनी आणून नॉझलच्या जरा आधी मिसळायचं, म्हणजे जेल व्हायला नळीत वेळच मिळत नाही. पहिला सोपा. क्षार पातळ द्रावण करून थेंबाथेंबाने, जोरात ढवळत घालायचा, नाहीतर जिथे थेंब पडला तिथेच गुठळी.

किती घालायचा हे चिकटपणावरून ठरवा. आधी छोट्या बीकरमध्ये घालून ठेवा आणि फवारणीला जेवढा वेळ लागणार त्याच्या दुप्पट वेळ तो वाहता राहतो का बघा. अमोनियम नायट्रेट घेतलं तर ते ऑक्सिडक आहे हे विसरू नका, सेंद्रिय पॉलिमर असलेल्या फीडमध्ये ते नकोच. ॲसिटेट जास्त निवांत.

मेसोछिद्र

आकारावर चर्चा झाली, छिद्रांचं कुणी बोललं नाही. वालुकाकणांचा दुसरा प्रश्न तोच होता.

सोलचे कण एकमेकांवर रचले की मधली फट हेच छिद्र. गोल कण कसेही ओतून रचले तर ६४ टक्के जागा भरते, ३६ टक्के रिकामी. यावरून ग्रॅममागे सुमारे ०.२६ घन सेंटीमीटर छिद्र-आकारमान येतं. पृष्ठफळ काढायचं तर २७२० भागिले कणाचा व्यास नॅनोमीटरमध्ये. १२ साठी २२७. तुमचे २०० त्याच्या जवळ आहेत, थोडं पृष्ठफळ कणांच्या सांध्यांत जातं. आणि छिद्राचा सरासरी व्यास मूळ कणाच्या ०.३८ पट. १२ ला ४.५ नॅनोमीटर. तुमचं मापन या अंदाजावर नेमकं बसतंय.

म्हणजे ड्रायरचं कुठलंही बटण फिरवून छिद्र १० चं होणार नाही. ते सोल निवडतानाच ठरलं. १० हवं तर २६ नॅनोमीटरच्या आसपासचा सोल घ्या. किंमत पृष्ठफळात मोजावी लागेल, ते १०० च्या घरात येईल.

दुसरा रस्ता साच्याचा. हिरोशिमा विद्यापीठात किकुओ ओकुयामा आणि फेरी इस्कंदर यांच्या गटाने २००१ मध्ये सिलिका सोलमध्ये पॉलिस्टायरिन लेटेक्सचे गोळे मिसळून फवारलं, मग पॉलिस्टायरिन जाळून टाकलं. उरतात एकसारखी, रांगेत बसलेली गोल छिद्रं. चित्रं डोळ्यांत साठवावी अशी आहेत. पण तिथे छिद्राचा आकार लेटेक्सच्या गोळ्याएवढा, आणि १० नॅनोमीटरचा लेटेक्स सहज मिळत नाही. तुमच्या कामाला तो रस्ता लांबचा.

तिसरा रस्ता सोल सोडून द्यायचा. टीईओएस (सिलिका देणारं द्रव संयुग), इथेनॉल, पाणी, थोडं आम्ल आणि सीटॅबसारखा पृष्ठसक्रियक. सुरुवातीला सगळं एकजीव द्रावण. फवारल्यावर इथेनॉल उडतं, पृष्ठसक्रियकाची तीव्रता वाढते, त्याच्या नळ्या आपोआप रचल्या जातात आणि सिलिका त्यांच्याभोवती घट्ट होते. जेफ्री ब्रिंकर यांच्या गटाने १९९९ मध्ये एअरोसोलने हे करून दाखवलं. पीएच २ च्या आसपास ठेवतात कारण तिथे सिलिकाचं जुळणं सगळ्यांत मंद, आधी रचना होऊ द्यायची आणि मग ती गोठवायची. सीटॅबने छिद्रं २ ते ३ नॅनोमीटर, मोठ्या ब्लॉक कोपॉलिमरने त्याहून मोठी.

नॉझलवाला

तिसऱ्या रस्त्याबद्दल कळकळीने सांगतो. इथेनॉल असलेला फीड उघड्या हवेच्या ड्रायरमध्ये टाकायचा नाही. नायट्रोजनचं बंद चक्र, ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि द्रावक परत गोळा करणारा कंडेन्सर असल्याशिवाय नाहीच. गरम नळी, बारीक फवारा आणि घर्षणाने साचणारी स्थिर वीज हे तिन्ही एकत्र असतात. टीईओएसची वाफ डोळ्यांना आणि फुफ्फुसाला वाईट, मिसळणंही फ्यूम हूडमध्येच. "एकदाच करून बघू" हे वाक्य प्रयोगशाळेत सगळ्यांत धोक्याचं.

गाळणी

+१. हा प्रतिसाद छापून ड्रायरवर चिकटवावा.

नवशिकी

थोडं अवांतर. सिलिकाची धूळ श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो ना? मग ५ मायक्रॉनची पावडर बनवून औषधात घालतात कशी?

पृष्ठताण

सिलिकोसिस होतो तो स्फटिकी सिलिकाने, क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइटने. कामाच्या जागी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. इथली सिलिका अस्फटिकी, ती तिसऱ्या गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करण्याजोगा पुरावा नाही. गोळ्या-कॅप्सूलमध्ये अस्फटिकी सिलिका कितीतरी वर्षं वापरात आहे. पण पोटात जाणं वेगळं आणि फुफ्फुसात जाणं वेगळं. ५ मायक्रॉनचा सच्छिद्र कण हलका असतो, खोलवर जाऊ शकतो. सायक्लोनची बाटली उघडताना योग्य मास्क हवाच.

शंकेखोर

आणि एक जोड. ही सिलिका कायम अस्फटिकीच राहील असं धरून चालू नका. सोडियम असलेली सिलिका जास्त तापवली की क्रिस्टोबलाइट व्हायला सोपं जातं, आणि त्याआधीच छिद्रं वितळून बंद होऊ लागतात. वालुकाकणांचा सोल सोडियमचा आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. अमोनियाने स्थिर केलेला सोलही मिळतो, तो घ्या. किंवा आयन-विनिमय रेझिनवरून काढून सोडियम उतरवा.

टायरप्रेमी

धागा मोठा छान चाललाय. विषयाला धरून एक माहिती: ही काही फक्त प्रयोगशाळेतली गंमत नाही. टायरच्या रबरात काजळीच्या जोडीने जी सिलिका जाते ती सोडियम सिलिकेट आणि गंधकाम्लापासून अवक्षेपित करतात, गाळून धुतलेला लगदा परत पातळ करून बऱ्याच ठिकाणी स्प्रे ड्राय करतात. तिथे आकार १०० मायक्रॉनच्याही वर, कारण धूळ कमी उडावी पण रबरात मळताना मोती सहज फुटावा. तेल शुद्धीकरणातल्या क्रॅकिंगचा उत्प्रेरकही स्प्रे ड्राय केलेलाच, झिओलाइट, चिकणमाती आणि सिलिका किंवा ॲल्युमिनाचा बंधक, सरासरी ६० ते ७० मायक्रॉन. तिथे मात्र मोती फुटता कामा नये. एकच यंत्र, पण एकाला फुटणारा मोती हवा आणि दुसऱ्याला न फुटणारा. मला हे फार सुंदर वाटतं.

भट्टीवाला

टायरप्रेमी, नेमकं बोललात. आणि हा फरकही बंधक आणि स्लरीतूनच येतो.

स्प्रे ड्रायिंगचं पेटंट सॅम्युअल पर्सीने १८७२ मध्ये घेतलं. इतक्या जुन्या तंत्रात अजून थेंबाच्या आत काय होतं यावर नवे निबंध निघताहेत, यातच त्याची खोली आहे.

वालुकाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात भट्टीवाल्यांचं आणि शंकेखोर यांचं ऐकून बदल केले. अमोनियाने स्थिर केलेला सोल घेतला, मूळ कण २२ नॅनोमीटर, ३० टक्के वजनी. त्यात अमोनियम ॲसिटेटचं पातळ द्रावण, चिकटपणा जाणवण्याइतका वाढेपर्यंत. नॉझलची हवा वाढवली, फीड कमी केला. इनलेट-आउटलेट होतं तेच ठेवलं.

कंकणं जवळपास गेली. राळेत बसवून घासलेल्या छेदात बहुतेक कण आतून भरलेले दिसतात. मोठ्यांपैकी काहींच्या पोटात अजून लहान पोकळी आहे.

छिद्रांच्या आकाराच्या आलेखात मात्र दोन टोकं दिसताहेत. एक टोक ९ नॅनोमीटरला, आणि एक छोटं पण टोकदार ३.८ ला. २२ चा सोल, ०.३८ ने गुणलं तर ८.४ यायला हवं. मग ३.८ चं छिद्र आलं कुठून?

मेसोछिद्र

३.८ आकडा बघून आधी एक विचारतो: वितरण शोषणाच्या (नायट्रोजन आत शिरतानाच्या) वक्रावरून काढलंय की विमोचनाच्या (तो बाहेर पडतानाच्या)?

वालुकाकण

विमोचनाच्या. यंत्राच्या सॉफ्टवेअरने तेच दिलं.

मेसोछिद्र

मग ते छिद्र नाहीच. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, सापेक्ष दाब ०.४२ च्या आसपास आला की छिद्रातला द्रव ताण सहन करू शकत नाही आणि एकदम फुटून बाष्प होतो. ज्यांची तोंडं अरुंद आहेत अशी सगळी छिद्रं त्याच दाबाला एकत्र रिकामी होतात आणि गणित त्याला ३.८ नॅनोमीटर असं नाव देतं. कितीतरी निबंधांत हे टोक खरं छिद्र म्हणून छापलेलं आहे. शोषणाच्या वक्रावरून परत काढा, ते जाईल. ९ चं टोक खरं.

त्यातून कळतं एवढंच की काही छिद्रांच्या वाटा अरुंद आहेत. औषध आत शिरण्यासाठी हे महत्त्वाचं आहे, म्हणून दुर्लक्ष करू नका. घट्ट रचलेल्या कणांत असं होतंच.

पृष्ठताण

वाटा रुंद करायच्या असतील तर स्प्रे ड्राय केलेली पावडर पातळ अमोनियाच्या पाण्यात गरम करत ठेवा. अल्कलीत सिलिका थोडी विरघळते आणि कणांच्या सांध्यांत जाऊन परत बसते, कारण तिथली वक्रता वेगळी. सांधे जाड होतात, बारीक छिद्रं मिटतात, मोठी आणखी मोठी होतात. पृष्ठफळ उतरतं, छिद्र-आकारमान फारसं बदलत नाही, आणि कण मजबूत होतो ते वेगळंच. तापमान १०० च्या वर न्यायचं तर ऑटोक्लेव्ह लागेल. सुरुवात ८० अंशांपासून करा आणि मधून मधून नमुना काढून मोजा, नाहीतर पुढे गेलेलं परत आणता येत नाही.

शंकेखोर

मोठ्या कणांच्या पोटात पोकळी राहिली त्याचं कारण तुमच्या थेंबांची रुंद वाटणी. व्यास दुप्पट झाला की वाळायला चौपट वेळ लागतो. नियमाने पेक्ले थेंबाच्या आकारावर अवलंबून नसतो, पण मोठ्या थेंबात कवच तसंच राहून आतलं पाणी लांबून झिरपून यावं लागतं. ते कण चाळून किंवा हवेच्या वर्गकाने वेगळे काढा. सोलशी आणखी खेळत बसू नका, तो आता चांगला जमलाय.

वालुकाकण

शोषणाच्या वक्रावरून काढलं, ३.८ गेलं. एकच टोक, ९ च्या जवळ. वर्गक जवळ आहे, मोठे कण त्यावरून काढतो. अमोनियाचं काम पुढच्या आठवड्यात लावतोय. औषध भरल्यावर ते आत अस्फटिकी राहतं का हे क्ष-किरण विवर्तनाने आणि डीएससीने (तापवताना शोषली जाणारी उष्णता मोजून) बघणार आहे, त्यासाठी वेगळा धागा काढीन.

नवशिकी

तो धागा काढलात की इथे दुवा द्या. मी वाट बघतेय.

नॉझलवाला

आणि ॲसिटेट घालवायला भट्टीत टाकाल तेव्हा तापमान हळू चढवा. आत अडकलेलं पाणी आणि ॲसिटेटची वाफ एकदम निघाली तर भरीव केलेले गोळे तडकतील. ५०० च्या पुढे जायचं कारण नाही, आणि भट्टीत हवा खेळती ठेवा.